परीक्षेत आणू नको

रूथबाई प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटत नसत, ही गोष्ट सगळ्या मंडळीत कुणाला ठाऊक नव्हती. ठाऊक होणार तरी कशी? ती कळायला त्या घटकेला दुसऱ्या कुणाचे तरी डोळे उघडे असायला पाहिजेत, आणि उघडे असले तर त्यानं ते कबूल करायला पाहिजे. चर्चमध्ये एवढं धाडस कोण करणार?

बाईंचा स्वभावच संशयी. दूधवाल्यानं माप ओतलं की त्या बोट बुडवून बघायच्या. कोथिंबिरीची जुडी घेतली की भर बाजारात सोडून आत कालच्या काड्या शोधायच्या, आणि सापडल्या की भाजीवालीपेक्षा त्यांनाच जास्त बरं वाटायचं. त्यांचे मालक शमुवेल जिवंत होते तेव्हा म्हणायचे, रूथ, तू स्वर्गाच्या दारात जरी पोचलीस तरी आत शिरायच्या आधी बिजागरी हलवून बघशील. बाईंना त्यात काही चूक वाटायची नाही. बिजागरी बघून घ्यावी माणसानं.

त्यात जन्म गेला महापालिकेच्या शाळेत. वर्गात कोण कॉपी करतंय हे त्या पोराच्या कानाच्या रंगावरून ओळखायच्या. निवृत्त झाल्या, शमुवेल गेले, मुलगा पुण्याला बिऱ्हाड करून राहिला, आणि बाईंच्या हातात उरली ती चर्चची शब्बाथशाळा. रविवारी सकाळी मोठ्यांची उपासना सुरू व्हायच्या आधी मागच्या खोलीत पंधराएक पोरं जमायची. एक गीत, एक गोष्ट, पाठ करायचं एक वचन, शेवटी प्रार्थना आणि बिस्किटं. ती शाळा होती म्हणून बाईंचा आठवडा चालायचा. शनिवारी संध्याकाळपासूनच त्यांची इस्त्री, गोष्टीची चित्रं, बिस्किटांचे पुडे अशी धांदल उडायची. उरलेले दिवस भिंतीकडे बघत जायचे, हे त्या कुणाला सांगायच्या नाहीत एवढंच.

प्रार्थना शिकवायची त्यांची पद्धत ठरलेली. हात जोडा, डोळे मिटा, आणि घरी आईशी बोलता तसं देवाशी बोला, उगीच पुस्तकी बोलू नका, असं त्या सांगायच्या. डोळे का मिटायचे, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, देवावर विश्वास असला की बघत बसावं लागत नाही. आणि स्वतः टक्क डोळे उघडे ठेवून उभ्या राहायच्या. आता यात ढोंग नव्हतं हो. पंधरा पोरांनी एकदम डोळे मिटले की त्यातला एक तरी शेजारच्याला चिमटा काढतोच. कुणीतरी लक्ष ठेवायला नको?

नाताळ होऊन गेल्यावर कृपा नावाच्या मुलीनं शाळेतली मैत्रीण आणली. पूर्णिमा तिचं नाव, सगळे पुनी म्हणायचे. पाचवीत होती, दोन घट्ट वेण्या, आणि काही विचारलं की उत्तराआधी जरा वेळ समोरच्याकडं बघत राहायची सवय. घर मागच्याच गल्लीत. वडील कृष्णात, दुधाचा टेम्पो चालवायचे, मूळचे पेठ वडगावकडचे. घरात जोतिबाचा फोटो, दारात तुळस. येऊ दे की, बाईंनी म्हटलं. आजवर कितीतरी पोरं मैत्रिणीच्या मागं मागं आली होती, बिस्किटं खाऊन, गाणी शिकून गेली होती. बाईंनी कुणाला कधी हिशेब विचारला नव्हता.

पण पहिल्याच रविवारी मनात पाल चुकचुकली. बाईंनी डोळे मिटा म्हटलं, सगळी डोकी खाली गेली, आणि पहिल्या रांगेतून दोन डोळे सरळ बाईंच्या डोळ्यांत बघत होते. पुनीचे. हात जोडलेले, मान ताठ, पापणी लवत नाही. बाई दचकल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना पकडलं होतं. त्यांनी भुवई उडवून खूण केली, मीट. पुनीनं पण तशीच भुवई उडवली. जणू म्हणत होती, तुम्ही मिटा की आधी.

नवी आहे, होईल सवय, अशी बाईंनी मनाची समजूत घातली. पण दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच, आणि वर ओठ हलत होते. बाई एक एक ओळ सांगत होत्या, पोरं मागोमाग म्हणत होती, आणि ही म्हणून झाल्यावर पुन्हा एकदा स्वतःशी पुटपुटत होती. पाठ करून कुठंतरी ओकायचं असलं की पोरं असं पुटपुटतात. इतकी वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही.

आणि मग बाईंना खिडकीतून बाप दिसला.

खोलीची खिडकी गल्लीकडं उघडायची. समोर भिंतीला मोटरसायकल टेकवून कृष्णात उभा असायचा. पोरीला सोडायला आलाय तर सोडावं आणि जावं की नाही? तसं नव्हतं. पूर्ण वेळ उभा. मान खिडकीकडं आणि हातात फोन. फोनमध्ये बघत असता तर मान खाली असती, बोलत असता तर फोन कानाला असता. हा फोन छातीपुढं उभा धरून होता, आणि त्याचं तोंड खिडकीकडं. शाळा सुटली की पोरीला पुढं टाकीवर बसवायचा आणि गाडी चालू करायच्या आधी बराच वेळ काहीतरी विचारायचा. त्याचे ओठ हललेले दिसायचे, पुनीच्या वेण्या हललेल्या दिसायच्या. शब्द ऐकू यायचे नाहीत, आणि तेच बाईंच्या जिवाला खात होतं.

बाईंनी पाळकसाहेबांना गाठलं. चर्चचे पाळक म्हणजे तिशीतला तरणा माणूस, आवाज गोड आणि काळीज सशाचं. ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या एका गावात म्हणे असाच कुणीतरी मुलांच्या वर्गाचा व्हिडिओ काढला होता. अर्ध्या मिनिटाचा. मागचं पुढचं कापून फिरवला, आणि दुसऱ्या दिवशी दारात माणसं जमली. तिथला वर्ग बंद पडला तो पडलाच. बाई, आपल्याकडं असा एक व्हिडिओ निघाला की शब्बाथशाळेला त्याच दिवशी कुलूप, मला तुमच्या बाजूनं बोलता पण येणार नाही, असं ते स्पष्ट म्हणाले. वर हळूच सुचवलं, त्या मुलीला पुढच्या रविवारपासून येऊ नको म्हणून सांगा ना.

शाळेला कुलूप म्हणजे काय, हे पाळकसाहेबांना काय कळणार? त्यांना घरी बायको होती, दोन लेकरं होती. पण पुराव्याशिवाय पोराला बाहेर काढायचं, हे बाईंनी आजवर केलं नव्हतं. चिठ्ठी हातात सापडल्याशिवाय त्यांनी कधी कुणाचा पेपर हिसकावून घेतला नव्हता. मला थोडे दिवस द्या, मी तिच्याकडूनच काढून घेते, असं त्या म्हणाल्या.

काढून घेण्यात बाईंचा हात धरणारं कोण होतं? बिस्किटं वाटताना त्यांनी पुनीला शेवटी बोलवायला सुरुवात केली. एकाच्या जागी तीन बिस्किटं हातावर ठेवायची आणि सहज विचारल्यासारखं विचारायचं. पप्पा काय म्हणतात गं घरी? गाडीवर काय विचारतात? फोनमध्ये काय काढतात? त्यांच्याकडं कोण कोण येतं? पुनी बिस्कीट न खाता हातात धरून ठेवायची. काय न्हाय, म्हणायची. असंच विचारत्यात. असंच म्हणजे काय, बाई पुन्हा विचारायच्या. मग पोरगी अशी काही बघायची की बाईंनाच कसंतरी व्हायचं. पण म्हणून त्या थांबल्या नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा तीन बिस्किटं, पुन्हा तेच.

शिवाय खबरदारी म्हणून बाईंनी प्रार्थनाच बंद केली. एका रविवारी नखं कशी कापावीत हे शिकवलं. दुसऱ्या रविवारी रस्ता कसा ओलांडावा. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागली. जोएल नावाचं एक द्वाड पोरगं म्हणालं, बाई, हे आमच्या शाळेतच असतंय, मग इकडं कशाला यायचं? बाईंनी त्याला गप्प केलं. आणि शाळा सुटताना कोण म्हणावं, तर पुनी. बाई, प्रार्थना राहिली की.

बाईंच्या कपाळावर आठी चढली. कृपाला आठवण झाली नाही, पाळकांच्या पोरांना झाली नाही, हिलाच बरी झाली. हिला प्रार्थनाच कशाला हवी? कुठंतरी पाणी मुरतंय हे आता नक्की झालं.

पण प्रार्थना तरी किती दिवस टाळणार? महिन्याच्या शेवटच्या उपासनेत मुलांनी पुढं उभं राहून येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायची, असं आधीच ठरलं होतं. तालीम घ्यावीच लागली. बाईंनी खिडकी ओढून घेतली, तर पोरं गुदमरली म्हणून पुन्हा उघडावी लागली. मग झालं ते झालं म्हणून त्यांनी ओळीनं उभं केलं आणि सगळी प्रार्थना म्हणून घेतली. पोरं झोपाळू आवाजात रोजची भाकर मागायची ओळ, मग क्षमेची ओळ म्हणत गेली. बाईंमधली मास्तरीण जागी झाली. मोठ्यानं म्हणा, त्या ओरडल्या, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे. आणि पुढची ओळ आली तसा पुनीचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. आम्हास परीक्षेत आणू नको. डोळे उघडे, गळ्याची शीर ताणलेली, जणू कुणीतरी तिचा हात पिरगाळतंय. बाईंनी खिडकीकडं बघितलं. कृष्णातचा फोन हात लांब करून अगदी गजापाशी आला होता.

त्या आठवड्यात बाईंना धड झोप लागली नाही. रोज सकाळी शेजारच्या मुलाला विचारायच्या, कुठं काही व्हिडिओ आलाय का रे चर्चचा? तो नाही म्हणायचा. बाईंचा त्याच्यावरही विश्वास बसायचा नाही.

मग तो रविवार उजाडला. त्या दिवशी स्कॉलरशिपची परीक्षा होती, त्यामुळं पाचवीतली पोरं येणार नव्हती. कृपा नव्हती. वर्ग निम्माच भरला होता. आणि तरी पहिल्या रांगेत पुनी येऊन बसली. अंगावर शाळेचा गणवेश, मांडीवर पेपर लिहायचं पॅड, त्याच्या चिमट्यात प्रवेशपत्र. धापा टाकत होती. बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि खिडकीकडं बघितलं. भिंतीला मोटरसायकल नव्हती.

बाईंचं डोकं भिरभिरलं. परीक्षा सोडून पोरगी इथं? बाप दिसत नाही? काय डाव आहे हा? विचारावं तर पोरांसमोर विचारता येईना. प्रार्थना करा बाई, पुनी म्हणाली, आधी प्रार्थना करा. बाईंनी यांत्रिकपणे हात जोडले. डोळे मिटा.

सगळी डोकी खाली गेली. बाईंनी सवयीनं पहिल्या रांगेत बघितलं. पुनीचे डोळे मिटलेले होते. गच्च. पापण्यांना सुरकुत्या पडल्या होत्या.

एरवी कुणालाही यात आनंद झाला असता. बाईंना घाम फुटला. इतके रविवार टकाटका बघणारी पोरगी आज डोळे मिटते म्हणजे आज तिला बघायची गरज उरली नाही. काम झालंय. आता माणसं येणार. त्या प्रार्थना सांगायची सोडून दाराकडं बघत राहिल्या, आणि पुनी एकटीच हळू आवाजात पुढं म्हणत राहिली.

दार खरंच धाडकन उघडलं. कृष्णात एकटाच होता. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात फोन, आणि चेहरा लाल.

तो जे बोलला ते सगळं सांगण्यासारखं नाही. मतलब एवढाच, की पोरीला केंद्रावर सोडली, पाण्याची बाटली राहिली म्हणून परत फिरला, तर पोरगी फाटकातून गायब. त्याला दुसरीकडं शोधावंच लागलं नाही. मला ठाऊकच हुतं, तो म्हणाला. पोरं बाकाला चिकटली. बाई पुनीच्या आणि त्याच्या मधे उभ्या राहिल्या, कशासाठी ते त्यांना पण सांगता आलं नसतं.

“माझ्या पोरीला परीक्षेला बसू नको म्हणून कुणी शिकवलं?” त्यानं विचारलं.

असं कुणी शिकवलेलं नाही, बाई म्हणाल्या. मग त्यानं फोन पुढं केला आणि बोटानं दाबलं. खोलीत बाईंचाच आवाज घुमला, मोठ्यानं म्हणा. आणि पाठोपाठ सगळ्या वर्गाचा, सगळ्यांच्या वर पुनीचा. आम्हास परीक्षेत आणू नको. त्यानं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. एवढाच तुकडा, मागं काही नाही, पुढं काही नाही. पाळकसाहेब म्हणाले होते तस्सं झालं होतं, अर्ध्या मिनिटाचं.

“मी धाव्वी नापास हाय बाई,” कृष्णात म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता, आणि तो जास्त लागत होता. “पहाटं उठून टेम्पो मारतो. ह्या पोरीनं चार बुकं शिकावी म्हणून क्लास लावला. आणि तुम्ही देवाला सांगताय, हिला परीक्षेत आणू नको. ह्यो गावच्या ग्रुपवर टाकला की दिस मावळायच्या आत कुठं कुठं पोचंल, म्हाईत हाय तुम्हास्नी?”

बाईंना चांगलंच म्हाईत होतं. त्या घाईघाईनं समजावू लागल्या. ही परीक्षा पेपरची नव्हे हो. ही मोहाची परीक्षा. वाईटाची भुरळ पडते, माणसाचं मन कसाला लागतं, तशात आम्हाला ढकलू नको, असं ते मागणं आहे. जुन्या मराठीतला शब्द आहे. कृष्णातनं सगळं ऐकून घेतलं.

“मग तसं म्हणा की,” तो म्हणाला. “परीक्षा म्हंजे परीक्षा.”

मागून जोएलचा आवाज आला. “बाई, मला पण गणिताचीच वाटत हुती.”

दुसरी दोन पोरं पण माना हलवू लागली. बाई हादरल्या. इतकी वर्षं ही ओळ घोकून घेतली, चुकलं की पुन्हा म्हणायला लावली, आणि एकदाही विचारलं नाही की बाबांनो, ही कसली परीक्षा समजताय. त्या वळल्या. पुनी पॅड छातीशी धरून उभी होती. आता जे काही होतं ते हिच्याच तोंडात होतं. ही हो म्हणाली की शाळा संपली.

“पुने,” बाई म्हणाल्या, “तू कुठली परीक्षा समजलीस गं?”

पुनी नेहमीसारखी आधी बघत राहिली. एकदा बाईंकडं, एकदा बापाकडं.

“पेपरची न्हाय,” ती म्हणाली. “पेपर मला येतोय की.”

“मग?”

“तुमची. तुमची आणि पप्पांची.”

कुणाला काही कळेना. पुनी सांगू लागली. पप्पा म्हणाले, मैत्रिणीबरोबर जायचं तर जा, पण तिथं डोळे मिटू नको, काय काय करत्यात सगळं बघून ठेव, म्हणून तिनं कधी मिटले नाहीत. शाळा सुटली की गाडीवर पप्पा विचारायचे, काय शिकवलं, काय म्हणायला लावलं, सगळं म्हणून दाखव. चुकू नये म्हणून ती ओठातल्या ओठात पाठ करायची. आणि सुटायच्या आधी बाई विचारायच्या, पप्पा काय विचारतात, घरी कोण येतं. हे सगळं तिनं अडखळत सांगितलं. आणि मग जे म्हणाली ते न अडखळता म्हणाली.

“मी खरंच सांगत हुते. दोघांस्नी पण. पण तुमचं तोंड तसंच, आणि पप्पांचं पण तोंड तसंच. शाळंच्या पेपरात उत्तर बरोबर आलं की गुण तरी मिळतात. हितं काय पण सांगितलं तरी पुढच्या रविवारी परत तीच परीक्षा. म्हणून मी देवाला म्हणत हुते.”

बाईंना वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला आत घेईल तर बरं. तीन बिस्किटं. दर रविवारी त्यांनी या पोरीच्या हातावर तीन बिस्किटं ठेवली होती, आणि ती एकही खात नव्हती, आणि बाईंना तेव्हा त्यातसुद्धा काळंबेरं दिसलं होतं. त्यांनी कृष्णातकडं बघितलं. तो फोनकडं बघत होता, पण फोनमध्ये काही बघत नव्हता.

“मग आज पळून का आलीस?” त्यानं विचारलं. विचारून झाल्यावर त्यालाच जाणवलं असावं, की हा पण प्रश्नच.

पळून नाही आले, पुनी म्हणाली, पेपरला अजून वेळ आहे, केंद्र चौकात तर आहे, धावत आले. पप्पा दूध घालायला जाणार म्हणजे आज गाडीवर कुणी विचारणार नाही. म्हणून एकदा डोळे मिटून म्हणून बघायचं होतं. कसं वाटतंय ते.

पुनीनं बापाच्या हातातून पाण्याची बाटली घेतली, प्रवेशपत्र चिमट्यात नीट केलं. दारापर्यंत गेली आणि थांबली.

“जाते मी. पण पेपर सुटल्यावर कुणी काय पण विचारायचं न्हाय.”

“पेपर कसा गेला ते तरी?” कृष्णात म्हणाला.

“ते पण न्हाय.” मग जरा विचार करून म्हणाली, “आणि आता तुम्ही दोघांनी डोळे मिटायचे. मी म्हणते प्रार्थना. मघाशी मधीच राहिली.”

कृष्णात चुळबुळला. मी आणि इथं, असं काहीतरी पुटपुटला. पोरीनं फक्त बघितलं. त्यानं हात जोडले, फोन दोन्ही तळव्यांच्या मधे तसाच राहिला. बाईंनी हात जोडले. आणि डोळे मिटले.

अंधार काही फार नव्हता, पापण्यांतून तांबूस उजेड येत होता. पण बाईंना चक्कर आल्यासारखं झालं. आयुष्यात इतकं उघड्यावर त्यांना कधी वाटलं नव्हतं. समोर हातभर अंतरावर तो माणूस, त्याच्या तळव्यात तो फोन, फोनात त्यांचा आवाज. एक बोट हललं की संपलं, आणि आपल्याला ते दिसणारसुद्धा नाही. एकदा, नुसता एक डोळा किलकिला करून बघावं, अशी कळ मनात उठली. परीक्षेत आणू नको म्हणतात ते हेच असावं. बाईंनी दात आवळले आणि डोळे आणखी घट्ट मिटले. पुनी एक एक ओळ म्हणत होती. परीक्षेच्या ओळीला या वेळी तिचा आवाज चढला नाही. भाकर मागावी तसं तिनं ते मागितलं.

आमेन झालं. बाईंनी डोळे उघडले तेव्हा पुनीचे डोळे उघडेच होते. ती दोघांकडं आळीपाळीनं बघत होती.

“बाईंनी पूर्ण मिटले हुते,” तिनं निकाल सांगितला. “पप्पा, तुम्ही मधी एकदा उघडलात.”

“एकदाच की,” कृष्णात म्हणाला.

बाहेर मोटरसायकलला किक बसली. दोघं गेले. खिडकीतून दिसलं ते एवढंच, की आज बापाचे ओठ हलत नव्हते.

पाळकसाहेबांना कुणीतरी कळवलंच. उपासना झाल्यावर ते धावत मागच्या खोलीत आले. त्यानं व्हिडिओ पुसला का, हा त्यांचा पहिला प्रश्न. बाई म्हणाल्या, मी विचारलं नाही. मग विचारा ना, पाळकसाहेब म्हणाले, फोन करा, कृपाच्या घरून नंबर मिळेल, शाळेचा प्रश्न आहे. शाळेचा प्रश्न आहे म्हणूनच विचारणार नाही, असं म्हणून बाई बिस्किटांचा पुडा बांधायला लागल्या. खरं तर जीव तीळतीळ तुटत होता. पण शब्द दिल्यासारखं झालं होतं, आणि तो मोडला तर पोरीच्या तोंडाकडं कसं बघणार?

आठवडाभर रात्री अपरात्री त्यांना दारात माणसं जमल्याचा भास व्हायचा. कुणी आलं नाही. याचा अर्थ पुसला असेल, किंवा नसेल पुसला, ठेवला असेल राखून. बाईंना ते कधीच कळलं नाही.

पुढच्या रविवारी पुनी आली. बाईंनी पेपर कसा गेला विचारलं नाही. जीभ वळवळली, पण नाही विचारलं. खिडकीबाहेर भिंतीला मोटरसायकल टेकवून कृष्णात उभा होता, आणि त्याचा एक हात खिशात होता. खिशात फोन होता की नुसता हात, ते इथून दिसत नव्हतं. गीत झालं, गोष्ट झाली. परीक्षा म्हणजे काय, हे बाईंनी पोरांना आधी नीट समजावून सांगितलं, आणि जोएलकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाल्या, हात जोडा, डोळे मिटा. सगळ्यांच्या आधी त्यांनी स्वतःचे मिटले.

तिसऱ्याच ओळीला कुणीतरी कुणालातरी चिमटा काढला. आई गं, असा आवाज आला आणि मग दाबलेलं हसू. बाई तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवशी चिमटा कुणी काढला, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.